तबल्याचा कायदा, कॉम्प्युटरचं व्याकरण आणि तुमच्या खिशातला फोन

पुणे-नाशिक रस्त्यावरच्या आपल्या कुरुळीतून आजचा भाग. शिफ्टच्या बसमध्ये हेडफोन लावून ऐकताय ना? मग एक प्रश्न. फोनवर गाणं ऐकणं आपल्याला येतं, पण फोनला आपल्याबरोबर वाजवायला लावता येतं का? येतं. आणि या गोष्टीचं एक मूळ आहे थेट तबल्यात.

काळ १९८० च्या दशकाची सुरुवात. जेम्स किपन नावाचे इंग्रज अभ्यासक लखनौ घराण्याचे उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. त्यांना पडलेला प्रश्न साधाच होता. कायदा वाजवताना तबलजी एकामागून एक पलटे काढतो, पण कुठला पलटा बरोबर आणि कुठला चूक, हे तो ठरवतो कसं?

हिशोब करून बघा. सहा बोल आणि आठ जागा घेतल्या, तर १६,७९,६१६ रचना होतात. त्यातल्या बहुतेक उस्ताद हातही लावणार नाहीत. म्हणजे आत कुठेतरी व्याकरण आहे. उदाहरणार्थ, भरीत ‘धा’ असेल तर खालीत त्या जागी ‘ता’ येतो.

किपन यांच्या जोडीला होते फ्रेंच संशोधक बर्नार्ड बेल. त्यांनी ‘बोल प्रोसेसर’ हा प्रोग्राम लिहिला, ॲपल-टू जातीच्या छोट्या कॉम्प्युटरसाठी. कीबोर्डच्या बटणांना बोल जोडले. मशीन नियमांवरून पलटे तयार करायचं आणि जाणकार सांगायचे, हा चालेल, हा नाही. चुकलं की नियम दुरुस्त, पुन्हा नवे पलटे. गुरूसमोर शिष्य बसावा, तसंच हे. माणूस आणि मशीन एकमेकांना उत्तर देतात, त्यालाच आज आपण इंटरॅक्टिव्ह म्हणतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. हेच बर्नार्ड बेल पुढे पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या कामात सामील झाले. मावळ, मुळशीपासून गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. बेल यांनी रेकॉर्डिंग आणि डेटाबेसचं काम पाहिलं. ओवीवर मालकी कोणाची? आईनं गायली, लेकीनं त्यात आपली भर घातली, सुनेनं पुढे नेली. ओपन सोर्सचा अर्थ यापेक्षा सोपा करून सांगता येणार नाही.

आणि बोल प्रोसेसर वाचला तो याच रीतीनं. ज्या मशीनवर तो जन्मला, ती कधीच भंगारात गेली. पण पुढे त्याचा कोड खुला झाला, म्हणून इतरांना त्यात हात घालता आला. आज त्याची तिसरी आवृत्ती कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून चालते, तीही फुकट. बंद कोडचं ॲप असतं आणि कंपनीनं ते सोडून दिलं असतं, तर तो रियाजही तिथेच संपला असता.

मग फोनचं काय? १९९६ मध्ये मिलर पकेट यांनी ‘प्युअर डेटा’ हे खुलं सॉफ्टवेअर आणलं. त्यात कोड टाइप करायचा नाही. स्क्रीनवर चौकोन मांडायचे आणि रेषांनी जोडायचे. २०१० मध्ये ‘लिब-पीडी’ आलं आणि हेच इंजिन मोबाइल ॲपच्या आत बसलं. ‘मॉबम्युप्लॅट’सारख्या खुल्या ॲपमध्ये कॉम्प्युटरवर बनवलेला पॅच टाकता येतो. फोन तिरका केला की सूर सरकतो, बोट फिरवलं की लय बदलते.

करून बघायचंय? तर कायद्यापासूनच सुरुवात करा. चार बोल घ्या, एक नियम ठरवा, आणि बोट लावलं की फोनला पलटा काढू द्या. मग तो पलटा तबला वाजवणाऱ्या एखाद्या जाणत्या माणसाला ऐकवा. त्यांनी नकारार्थी मान हलवली, तर नियम बदला. फोन कितीही नवा असला, तरी बरोबर-चूक ठरवणारा कान अजून माणसाचाच लागतो.

भेटू पुढच्या भागात!