उखळी तोफ : शब्द आणि शस्त्र

जुन्या मोडी कागदांत तोफांचीं निरनिराळीं नांवें येतात. परंतु संग्राहक पुष्कळदां त्या सर्वांचा अर्थ ‘तोफ’ एवढाच घेऊन पुढें जातात. त्यामुळें मजकूर मैदानी लढाईचा कीं वेढ्याचा, हें ओळखण्याचें एक चांगलें साधन हातचें जातें. प्रस्तुत लेखांत उखळी तोफेपुरता हा भेद स्पष्ट करण्याचें योजिलें आहे.

संस्कृत ‘उलूखल’ ह्यापासून ‘उखळ’. आखूड, जाड बुडाची व रुंद तोंडाची ती उखळी तोफ. इंग्रजी ‘मॉर्टर’ हा शब्दहि लॅटिन ‘मॉर्टारियम्’ म्हणजे खल, ह्यावरूनच आला आहे. ‘गरनाळ’ हें नांवहि अशाच आखूड तोफेस देत. तिच्यांतून ‘कुलपी गोळा’, म्हणजे पोटांत दारू भरलेला पोकळ गोळा, उडवीत.

लांब तोफेचा भरीव गोळा सपाट जाऊन तट फोडतो. उखळीचें तोंड पंचेचाळीस अंशांहून वर असतें. म्हणून तिचा गोळा उंच चढून तटाच्या आंत उभा कोसळतो. वजन फार व नेम सावकाश, म्हणून धांवत्या मैदानी लढाईंत तिचा उपयोग थोडा. वेढ्यांत मात्र मोठा. १८१८ च्या मे महिन्यांत रायगडावर इंग्रजांच्या उखळी तोफांच्या गोळ्यांनीं वाड्यास आग लागली आणि १० मे रोजीं गड त्यांच्या हातीं गेला. मलकापुराहून उत्तरेस, बऱ्हाणपुरापलीकडील अशीरगडाच्या १८१९ च्या वेढ्यांतहि अशा तोफा होत्या. ९ एप्रिल रोजीं तो किल्ला पडला.

आपल्या जिल्ह्यापुरतें पाहूं. १७२४ ची साखरखेर्ड्याची लढाई, जींत मुबारिझखान पडला, ती मैदानी. १७५७ च्या सिंदखेडच्या प्रकरणांत मात्र रामचंद्र जाधव वेढ्यांत सांपडला होता व निजामअली त्याच्या साहाय्यास आला होता. एकाद्या तुटक कागदांत गरनाळ व कुलपी गोळे हीं दोन्ही एकत्र आढळलीं, तर तो मजकूर वेढ्याचा असण्याचा संभव अधिक. केवळ गोळ्यावरून निर्णय करूं नये. कारण हॉविट्झर तोफाहि पोकळ गोळे टाकीत, आणि त्या मैदानांतहि चालत.

हेंच शस्त्र पुढें पायदळाच्या हातीं आलें. १६७४ च्या सुमारास डच स्थापत्यविशारद कोहॉर्न ह्यानें माणसांनीं उचलून नेण्याजोगी लहान उखळी तयार केली. १९१५ सालीं इंग्लंडांत स्टोक्स ह्यानें साधी नळी, आधाराचे पाय व बुडाशीं खिळा एवढ्यावर काम भागविलें : उखळांत मुसळ सोडावें तसा गोळा तोंडांतून सोडला कीं तो खिळ्यावर आपटून उडे. फ्रान्सांत ब्रांट ह्यानें ८१ मिलिमीटरची सुधारलेली नळी केली. रशियानें १९३८ सालीं १२० मिलिमीटरची जड उखळी काढली. युद्धांत जर्मनांनीं तिचीच नक्कल केली. १९९९ च्या कारगील युद्धांत भारतीय सैन्यानें १२० व १६० मिलिमीटरच्या उखळी तोफा वापरल्या. डोंगराआड बसलेल्या शत्रूवर वरून गोळा टाकणें, हें काम रायगडच्या वेळीं होतें तेंच राहिलें.

‘राजव्यवहारकोशां’त शस्त्रांचा एक स्वतंत्र वर्गच केला आहे. शस्त्रांच्या नांवांविषयीं जी दक्षता त्या कोशकारानें घेतली, ती आपण कागदांचें लिप्यंतर करतांना घ्यावी. मूळ शब्द जसाच्या तसा ठेवावा व अर्थ निराळा द्यावा. शब्द बदलला कीं पुरावा गेला. आणि मूळ कागद वाळवीनें खाल्ल्यावर तो पुन्हां मिळत नाहीं.