घाम काय सांगतो? तराजूच्या खुर्चीपासून त्वचेवरच्या पट्टीपर्यंत



उन्हातून घरी आल्यावर घाम वाळला की शर्टावर पांढरट डाग दिसतात. ते मिठाचे असतात. घामात साधारण ९९ टक्के पाणी असतं. उरलेल्या भागात मुख्यतः मीठ, शिवाय थोडं पोटॅशियम, युरिया, लॅक्टेट आणि अगदी नाममात्र साखर. या उरलेल्या एका टक्क्यावरून शरीराची खबर देणाऱ्या पट्ट्या आणि मनगटी पट्टे आता तयार झाले आहेत. 'सुई नको, रक्त नको, शुगर घड्याळावरच बघा' अशा जाहिरातीही दिसतात. त्यांवर विश्वास ठेवावा का, हे ठरवायला घामाच्या तपासणीचा इतिहास फार उपयोगी पडतो.

तराजूवर बसलेला डॉक्टर

इटलीतील पादुआ येथे सान्तोरिओ नावाचे वैद्य होते. त्यांनी एका मोठ्या तराजूला खुर्ची टांगली. त्या खुर्चीत बसून ते स्वतःचं वजन करत. खाल्लेलं, प्यालेलं आणि मल-मूत्र यांचंही वजन करत. हा उद्योग त्यांनी अनेक वर्षं चालवला आणि १६१४ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा हिशेब असा होता की दिवसाला आठ पौंड अन्नपाणी पोटात गेलं, तर त्यातलं सुमारे पाच पौंड डोळ्यांना न दिसता त्वचेवाटे आणि श्वासावाटे निघून जातं.

आकडा आज जसाच्या तसा घ्यायचं कारण नाही. महत्त्वाचं हे की शरीरातून काय बाहेर पडतं याचं मोजमाप करता येतं, हे त्यांनी दाखवलं. पण तराजू फक्त 'किती' ते सांगत होता. घामात 'काय' आहे हे कळून त्याचा रुग्णाला उपयोग व्हायला आणखी तीन शतकं लागली.

न्यूयॉर्कचा उन्हाळा आणि खारट मुलं

१९३८ साली न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमधील डॉ. डोरोथी अँडरसन यांनी लहान मुलांच्या एका आजाराचं सविस्तर वर्णन केलं. तो आज सिस्टिक फायब्रोसिस म्हणून ओळखला जातो. यात फुप्फुसातला आणि स्वादुपिंडातला स्राव घट्ट, चिकट होतो. मुलाला वारंवार न्यूमोनिया होतो, तेलकट जुलाब होतात, वजन वाढत नाही. त्या काळी यातली बहुतेक मुलं लहानपणीच दगावत.

१९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची मोठी लाट आली. उन्हानं गळून गेलेली मुलं रुग्णालयात येऊ लागली. डॉ. वॉल्टर केसलर आणि डॉ. अँडरसन यांच्या लक्षात आलं की त्यांत या आजाराची मुलं फारच जास्त आहेत. ऊन सगळ्यांनाच लागत होतं, मग हीच मुलं का कोलमडत होती?

त्याच रुग्णालयातील डॉ. पॉल दि सांत-अग्नेसे यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. १९५३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की या मुलांच्या घामात मीठ नेहमीपेक्षा कितीतरी जास्त असतं. घामाबरोबर मीठ वाहून जायचं आणि मूल कोसळायचं. ज्या बाळाचा मुका खारट लागतो ते जगत नाही, अशी एक समजूत युरोपात पूर्वापार होती. त्यामागचं कारण आता प्रयोगशाळेत सापडलं होतं.

घाम गोळा करायचा कसा?

शोध लागला, पण तपासणी सोपी नव्हती. घाम यावा म्हणून मुलांना गरम खोलीत ठेवत किंवा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळत. ज्या मुलांना उष्णतेचाच धोका, त्यांच्यासाठी ही तपासणीच धोक्याची होती.

१९५९ साली गिब्सन आणि कुक या डॉक्टरांनी यावर उपाय काढला. हाताच्या छोट्याशा भागावर पिलोकार्पिन हे औषध ठेवायचं आणि अगदी सौम्य विद्युतप्रवाहानं काही मिनिटांत ते त्वचेत उतरवायचं. तेवढ्याच जागी घाम सुटतो. तो अर्धा तास गोळा करून त्यातलं क्लोराइड मोजायचं. आजही जगभर 'स्वेट टेस्ट' याच तत्त्वावर होते. क्लोराइड लिटरमागे ६० मिलिमोल किंवा अधिक आलं की सिस्टिक फायब्रोसिसचं निदान पक्कं होण्याकडे जातं. ३० च्या खाली आलं तर तो आजार असण्याची शक्यता फार कमी.

हे असं का होतं, तेही पुढे उलगडलं. घामाची ग्रंथी आधी खारट पाणीच तयार करते. ते नळीतून वर येताना नळीची भिंत बरंचसं मीठ परत शोषून घेते. या रुग्णांत नळीच्या भिंतीतली क्लोराइडची वाट बंद असते, हे पॉल क्विंटन यांनी १९८३ साली दाखवलं. स्वतः क्विंटन यांनाही हाच आजार होता. १९८९ मध्ये त्यामागचं जनुक सापडलं.

हा आजार भारतात होत नाही असं पूर्वी समजलं जाई. ते खरं नाही. आपल्याकडेही तो आढळतो आणि अनेकदा निदानाला उशीर होतो.

मिठाला जमलं, साखरेला का नाही?

स्वेट टेस्ट विश्वासार्ह ठरली त्याला तीन कारणं आहेत. बिघाड घामाच्या ग्रंथीतच असतो. निरोगी आणि आजारी यांच्या आकड्यांत मोठं अंतर असतं. आणि घाम गोळा करायची पद्धत ठरलेली आहे.

आता साखर पाहा. घामातली साखर रक्तातल्यापेक्षा साधारण पन्नास ते शंभर पट कमी असते. त्वचेवर आधीपासून असलेले साखरेचे अंश त्यात मिसळले तरी आकडा चुकतो. घाम किती वेगानं येतोय यावरही तो बदलतो, आणि रक्तातला बदल घामात उमटायला वेळ लागतो. म्हणजे तीनपैकी एकही कारण इथे लागू होत नाही.

२००१ साली अमेरिकेत 'ग्लुकोवॉच' या मनगटी यंत्राला मान्यता मिळाली होती. ते सौम्य विद्युतप्रवाहानं त्वचेखालचा द्रव ओढून साखर मोजत असे. गंमत म्हणजे घाम आला की त्याचं मोजमाप बिघडे, म्हणून ते यंत्र तेवढ्या वेळचं रीडिंगच गाळत असे. त्वचेची जळजळ होई, बोट टोचून तपासणीही करावीच लागे. काही वर्षांतच ते बाजारातून गेलं.

२०१६ साली कॅलिफोर्नियात बर्कले येथील संशोधकांनी घामातली साखर, लॅक्टेट, सोडियम, पोटॅशियम आणि त्वचेचं तापमान एकाच वेळी मोजणारा पट्टा तयार केला. त्याच वर्षी जॉन रॉजर्स यांच्या गटानं सूक्ष्म नळ्यांची, रंग बदलणारी मऊ पट्टी दाखवली. २०२१ मध्ये याच प्रकारची पट्टी सिस्टिक फायब्रोसिसच्या स्वेट टेस्टसाठी वापरून पाहिली गेली, आणि व्यायाम करताना किती घाम व सोडियम जातं हे सांगणारी पट्टी खेळाडूंसाठी अमेरिकेत विक्रीला आली. मीठ आणि पाणी यांबाबत ही प्रगती खरी आहे. साखरेचं काम अजून संशोधनाच्या पातळीवर आहे.

तुमच्यासाठी एवढं महत्त्वाचं

* त्वचा न टोचता साखर मोजण्याचा दावा करणारी घड्याळं आणि अंगठ्या वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएनं फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. अशा आकड्यावर इन्सुलिनचा डोस ठरवणं जिवावर बेतू शकतं.
* दंडावर लावायचा सीजीएम सेन्सर वेगळा. त्याचा बारीक तंतू त्वचेखाली जातो. तो घाम मोजत नाही.
* घामाची पट्टी किती मीठ गेलं ते सांगते. रक्तात किती उरलं ते नाही. ब्लड प्रेशर, किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर तिच्या भरवशावर मीठ किंवा ओआरएस वाढवू नका.
* मधुमेहाच्या रुग्णाला अचानक दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरले, तर लगेच बोट टोचून साखर तपासा. ग्लुकोमीटर हाताशी नसेल तर थांबू नका. रुग्ण शुद्धीवर असल्यास साखरेचं पाणी द्या.
* छातीत दुखून किंवा जड वाटून थंड घाम आला, तर कुठलंही घड्याळ न बघता थेट रुग्णालय गाठा.