आणेवारी

निवडक शेतांतील पीककापणीवरून गावाचे उत्पन्न जोखण्याची महसुली पद्धत. १६ आणे म्हणजे पूर्ण पीक; १९५७ च्या दशमान नाण्यांनंतर हे माप १०० पैशांचे झाले व ‘पैसेवारी’ हे नाव रुळले. ५० पैशांहून कमी भरल्यास टंचाई मानीत. मात्र अंतिम आकडा डिसेंबरात येई. कोरडवाहू कुणब्याला तोवर चाऱ्याअभावी गुरे विकावी लागत. पिण्याचे पाणी व भूमिहीनांची मजुरी तर या मापात नव्हतीच, हा मोठा दोष होय. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पर्जन्य, उपग्रहांनी टिपलेली वनस्पतिस्थिती, मृदेतील ओलावा व जलसाठे हे निर्देशक आणले. त्यांनुसार ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. खानदेशातील पाचोरा त्यांपैकी एक. तथापि तालुका हेच एकक धरल्याने गिरणाकाठची बागायत व दूरचे कोरडवाहू शिवार एकाच सरासरीत मोजले जाते.