कार्यालयीन बूट आणि स्पर्शसंवेदनशीलता

सुकापूरहून पनवेल स्थानक गाठून लोकलने मुंबईला जाणाऱ्या नोकरदाराच्या पायांत बूट दिवसभर असतात. स्पर्शसंवेदना तीव्र असणाऱ्यांना आतील शिवण वा मोज्याची घडीही असह्य होते. हा नखरा नव्हे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये स्वमग्नतेच्या निदान-निकषांत संवेदनांच्या तीव्र प्रतिसादाचा समावेश केला.

बूट सायंकाळी घ्यावेत. तेव्हा पाय किंचित फुगलेले असतात. रोजचे मोजे घालूनच ते पाहावेत, आत बोट फिरवून शिवण तपासावी. मऊ चामडे व रुंद पंजा निवडावा. नाडीने घट्टपणा जुळवता येतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार सरकारी आस्थापनांनी दिव्यांग कर्मचाऱ्यांना वाजवी सोयी देणे बंधनकारक आहे. बुटांबाबत सवलत मागताना त्याचा आधार घेता येतो.