वाचवणाऱ्यांच्या मनाची काळजी: शंभर वर्षांत आपण काय शिकलो?

पावसाळ्यात लोणावळ्याहून दुर्घटनेची बातमी आली की आपण मृतांचा आकडा वाचतो. ते मृतदेह पाण्यातून बाहेर कोणी काढले, हे सहसा वाचत नाही.

३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुलंही होती. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा जुना पूल इंद्रायणीत कोसळला आणि चार जणांचा मृत्यू झाला. दोन्ही वेळी शोधकार्यात शिवदुर्ग मित्र आणि वन्यजीव रक्षक मावळ या संस्थांचे स्वयंसेवक होते. एनडीआरएफची पाचवी बटालियनही मावळातच, सुदुंबरे येथे आहे. २०१४ साली माळीणमध्ये दरड कोसळून दीडशेहून अधिक माणसं गाडली गेली, तेव्हा ढिगारे उपसायला तिचे जवान गेले होते.

अशा कामाचा मनावर परिणाम होतो, हे मान्य व्हायला फार काळ लागला. पहिल्या महायुद्धात स्मृती, दृष्टी, वास आणि चव हरपलेल्या सैनिकांबद्दल डॉ. चार्ल्स मायर्स यांनी १९१५ साली लिहिलं. त्या अवस्थेला 'शेल शॉक' म्हणत. पण असे अनेक सैनिक भित्रे ठरवले गेले. 'पीटीएसडी', म्हणजे आघातानंतरचा तणाव विकार, हे निदान अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या यादीत १९८० साली आलं.

१९८३ मध्ये जेफ्री मिचेल यांनी एक पद्धत मांडली. स्वतः अग्निशमन दलात काम केलेल्या मिचेल यांचं म्हणणं असं, की घटनेनंतर काही दिवसांतच पथकाला एकत्र बसवावं आणि काय पाहिलं, काय वाटलं ते बोलायला लावावं. ही पद्धत जगभर पसरली. 'बोलून मोकळं हो' हे आपल्यालाही पटतंच. पण पुढे अपघात आणि भाजण्यातून वाचलेल्यांवर अशाच एका बैठकीचा अभ्यास झाला. त्या बैठकीने पीटीएसडी टळला नाही; काहींचा त्रास उलट वाढला. जखम भरू लागण्याआधीच खपली काढावी, तसं हे झालं असावं.

म्हणून २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका काढली. तिचं सूत्र साधं आहे: गरज ओळखा, ऐका, योग्य मदतीशी जोडून द्या. बोलण्याची सक्ती नाही.

तुमच्या घरात असा स्वयंसेवक, जवान किंवा रुग्णवाहिकेचा चालक असेल, तर हे लक्षात ठेवा. तो घरी आल्यावर "काय काय पाहिलंस?" असं खोदून विचारू नका. गरम जेवण द्या, झोपू द्या. तो आपणहून बोलला, तर मध्ये न तोडता ऐका. पहिले काही दिवस झोप उडणं, तेच दृश्य डोळ्यांसमोर येणं, चिडचिड होणं स्वाभाविक आहे. बहुतेकांचं हे हळूहळू कमी होतं.

महिना उलटूनही त्रास तसाच राहिला, दारू वाढली किंवा कामावर जाणं टळू लागलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. पीटीएसडीवर परिणामकारक उपचार आहेत. जगणं नकोसं झाल्याचं तो बोलला, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येतं.

दोराशिवाय दरीत उतरणाऱ्याला आपण धाडसी म्हणत नाही, बेपर्वा म्हणतो. मनासाठी मदत घेणं हाही तसाच सुरक्षेचा दोर आहे.