रेचकापासून गुळवेलीपर्यंत

सातपुड्याच्या पायथ्याला, सोनाळ्याच्या भागात, गुळवेल कुणी विकत आणत नाही. ती निंबावर चढलेली असते. बोटाएवढं खोड तोडायचं, वरची पातळ साल नखानं काढायची, ठेचायचं आणि उकळायचं. तापाला तीच, काविळीलाही तीच. 2020 च्या करोनात ‘प्रतिकारशक्ती वाढावी’ म्हणून शहरांतही तिचा काढा सुरू झाला. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबरदरम्यान मुंबईत यकृततज्ज्ञांकडे यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले. सगळे गुळवेल घेत होते. यकृताच्या तपासणीत शरीराच्याच प्रतिकारयंत्रणेनं केलेल्या हल्ल्याच्या खुणा दिसल्या.

या आजाराचं कूळ मात्र जुनं आहे. 1956 मध्ये ऑस्ट्रेलियात इयन मॅके आणि सहकाऱ्यांनी अशा यकृतदाहाला ‘ल्युपॉइड हेपटायटिस’ म्हटलं. शरीर आपल्याच यकृतावर का उलटतं, याचा एक धागा 1971 मध्ये अमेरिकेत सापडला. रेनॉल्ड्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ऑक्सिफेनिसॅटिन या रेचकानं हुबेहूब तसाच आजार होतो. पोट साफ व्हावं म्हणून घेतलेलं साधं औषध! ते बंद केलं की यकृत सावरायचं. मला या कुळकथेतली ही सर्वांत मोलाची पायरी वाटते, कारण तिथून डॉक्टरांना रुग्णाच्या घरातलं कपाटही तपासावं लागलं.

आत काय घडतं, हे टायनिलिक ॲसिड या रक्तदाबाच्या औषधानं उलगडलं. यकृतातलं एक विकर या औषधाचं रूप बदलतं. बदललेलं रसायन त्या विकरालाच घट्ट चिकटतं. मग ओळखीचं विकर शरीराला परकं दिसतं आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. 1980 मध्ये अमेरिकेत ते औषध बाजारातून काढून घेतलं गेलं.

मुंबईच्या त्या रुग्णांवरून गुळवेलीवर वाद झाला. 2021 मध्ये आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता की रुग्णांनी घेतलेली वनस्पती नीट ओळखलीच नाही. तिच्यासारखी दिसणारी दुसरी जातही आहे. आक्षेप रास्त होता, पण तेवढ्यानं रुग्णांचं दुखणं पुसलं जात नाही. 2022 मध्ये देशातल्या 13 रुग्णालयांनी 43 रुग्णांची माहिती मांडली; बहुतेकांत स्वतःच्याच प्रतिकारयंत्रणेच्या हल्ल्याचं तेच रूप होतं. मुंबईच्या डॉक्टरांचं म्हणणं दुहेरी होतं: गुळवेल हा दाह नव्यानं पेटवत असेल, किंवा आधीच दबून बसलेला आजार उघडा पाडत असेल. म्हणून थायरॉइडच्या काही आजारांसारखा स्वप्रतिकाराचा आजार असलेल्यानं तो काढा सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं, आणि काविळीच्या रुग्णानं गोळ्यांबरोबर काढ्याचंही नाव सांगावं.