मांडवातला तापलेला कॅमेरा

कवठे महांकाळ तालुक्यात नागजच्या माळावर मार्च-एप्रिलमध्ये बेदाण्याच्या शेड भरलेल्या असतात. कोरड्या, रखरखीत हवेत द्राक्षं पंधरवड्यात सुकतात. बेदाण्याला मानवणारी ही हवा फोटोवाल्यांना मात्र कधीच मानवली नाही, आणि लग्नसराई नेमकी त्याला लागूनच येते.

रिळाच्या जमान्यात उन्हाळा डार्करूममध्ये गाठायचा. फिल्म धुण्याचं रसायन 20 अंशांच्या आसपास लागतं. ते तापलं की फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगून मऊ पडतो आणि नुसतं नख लागलं तरी नवरीच्या गालावर ओरखडा उमटतो. म्हणून ट्रेभोवती बर्फ ठेवायचा, थर घट्ट करायला क्रोम तुरटी वापरायची, नाहीतर सरळ रात्री फिल्म धुवायची. त्या कॅमेऱ्यात स्वतःची उष्णता निर्माण करणारं काहीच नव्हतं. पुढचे खांद्यावरचे व्हीएचएस कॅमेरेही अंगाने मोठे, आतून ऐसपैस. हॅलोजनच्या झोतात नवरा-नवरी घामाघूम व्हायची, शूटिंग चालू राहायचं.

2008 साली निकॉन डी90 आणि पाठोपाठ कॅननचा 5डी मार्क 2 आला. फोटोच्याच कॅमेऱ्यात व्हिडिओ! फोटो काढताना सेन्सर क्षणभर राबतो. व्हिडिओत त्याला आणि प्रोसेसरला उसंतच नसते. त्यात धूळ-पाणी शिरू नये म्हणून अंग बंदिस्त. चित्रं जितकी बारकाव्याची होत गेली, तितकी आतली धग वाढली.

जुलै 2020 मध्ये कॅननचा आर5 बाजारात आला. 8के चित्रण सलग सुमारे 20 मिनिटं, उत्तम प्रतीचं 4के 30 मिनिटं, असं कंपनीनेच सांगितलं होतं. पण ते मोजमाप 23 अंशांतलं. मे महिन्यात भरदुपारी पत्र्याच्या मांडवात 23 अंश आणायचे कुठून? मंगलाष्टका रंगात आल्या असताना स्क्रीनवर तापल्याची खूण लुकलुकली, तर छायाचित्रकाराच्या पोटात गोळाच येतो. अक्षता पुन्हा टाकायला सांगता येत नाही. म्हणून जाणते शूटिंगवाले जोडीला दुसरा कॅमेरा ठेवतात, 4केचा साधा मोड लावतात, स्क्रीन अंगापासून उघडी ठेवतात आणि मधल्या वेळात कॅमेरा सावलीला नेतात.

ऑगस्ट 2020 मध्ये कॅननने फर्मवेअर सुधारून थोडा दिलासा दिला. खरा उपाय जानेवारी 2022 मध्ये आर5 सीच्या रूपाने आला: आत चक्क पंखा. अंग जाड झालं, 8के न थांबता चालू लागलं. मात्र सेन्सर हलवून हाताची थरथर सावरणारी यंत्रणा त्यात नाही, आणि वरातीसमोर उलट्या पावली चालत शूटिंग करणाऱ्याला तीच सगळ्यात जास्त लागते.